रे ओहारांची पेटी

१

पेटीचं झाकण वर गेलं आणि क्लेअर ओहारा नुसती बघत राहिली.

आत जाहिरातींचे कागद होते. कोंबडीवर सूट, संत्र्यांवर सूट, दोन डबे घेतले तर तिसरा फुकट. दर आठवड्याला दारात येऊन पडतात तसले गुळगुळीत फ्लायर्स कुणीतरी चुरगळून, दाबून दाबून काठोकाठ भरले होते.

क्लेअरचे वडील रे जाऊन दहा दिवस झाले होते. शेवटच्या आठवड्यात इस्पितळात त्यांनी लेकीला दोनदा बजावलं होतं, "मी गेल्यावर बेसमेंटमधली पत्र्याची पेटी उघड. आपण कोण, कुठले, ते सगळं त्यात आहे. जिवंतपणी सांगायची माझी छाती झाली नाही."

"हे डॅडना सांभाळायला येणाऱ्या त्या ईश्वरचं काम," क्लेअरचा मोठा भाऊ डॅनियल म्हणाला. "दोन वर्षं घराची किल्ली त्याच्याकडे होती. मी एजन्सीला आताच फोन करतो. पोलिसांनाही."

"पण कागद चोरून ईश्वरला काय मिळणार?" क्लेअरचा नवरा जयदीप म्हणाला.

"आत फक्त कागदच होते, हे तुला कुणी सांगितलं?"



बेसमेंटच्या जिन्यावर बसून जयदीपची आई, शीलाताई टिपणीस, हे सगळं पाहत होत्या. पुण्याला सरकारी कचेरीत त्यांनी एकतीस वर्षं वादातले दस्तऐवज तपासले होते. बनावट सह्या, खाडाखोड केलेली मृत्युपत्रं, मागाहून घुसडलेल्या ओळी. यजमान गेल्यावर त्या कॅनडात, क्वेबेकमधल्या मॉन्ट्रियलशेजारच्या लव्हालला मुलाकडे राहायला आल्या आणि याच घरात राहणाऱ्या व्याह्यांशी त्यांची गट्टी जमली. रोज दुपारी दोघं रमी खेळत. रे कमी बोलत. पानं लावता लावता मधेच थांबत आणि खिडकीबाहेर बघत बसत. शीलाताईंनी कधी विचारलं नाही. आता वाटत होतं, विचारायला हवं होतं.

त्या खाली आल्या. कुलूप फोडलेलं नव्हतं. पेटीची किल्ली रे यांच्या पलंगाशी खिळ्याला टांगलेली असे, म्हणजे खोलीत येणारा कुणीही ती घेऊ शकला असता. त्यांनी पेटी उचलून पाहिली.

"जड आहे," त्या म्हणाल्या. "नुसती रिकामी करून ठेवली असती तरी चाललं असतं. पण उचलणाऱ्याला वजन लागावं म्हणून कुणीतरी ती भरली. बाबा जिवंत असतानाच हे झालंय, क्लेअर. त्यांना कळू नये म्हणून."



२

ईश्वर मेश्राम शीलाताईंना दुसऱ्या दिवशी मेट्रो स्टेशनजवळच्या कॉफीच्या दुकानात भेटला. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, नागपुरात एका दवाखान्यात ब्रदर होता. इथे एजन्सीमार्फत म्हाताऱ्यांची सेवा करायचा. त्याचं वर्क परमिट त्या एका एजन्सीशी बांधलेलं होतं.

"सकाळीच फोन आला जी," तो म्हणाला. "चौकशी होईपर्यंत कामावर येऊ नको म्हणाले. पीआरची, इथे कायम राहायच्या परवान्याची, फाइल चालू आहे माझी. पोलिसात नाव गेलं तर काय होते ते तुम्हाला सांगायला नको."

"पेटीला हात कधी लावला होतास?"

"दोनदाच. डिसेंबरात रेसाहेबांचा वाढदिवस होता ना, त्याच्या आदल्या दिवशी. शुक्रवारी. म्हणाले, ईश्वर, पेटी वर आण, माझी बहीण येणार आहे, तिला काही दाखवायचं आहे. मी पलंगाखाली ठेवून दिली. शनिवार-रविवार माझी सुट्टी. सोमवारी म्हणाले, खाली नेऊन ठेव. नेली."

"तेव्हा साहेब कसे होते?"

ईश्वरने कप फिरवला. "गप्प होते. मी विचारलं, बहिणीशी गोष्टी झाल्या का? तर म्हणाले, तिला बघायचंच नाही, ईश्वर. ती म्हणते, मेलेल्याला झोपू दे."

शीलाताई त्या डिसेंबरात पुतण्याच्या लग्नासाठी पुण्यात होत्या. घरात कोण आलं, कोण गेलं, हे त्यांनी पाहिलेलं नव्हतं.

"पेटीचं वजन?"

"जेवढं नेताना, तेवढंच आणताना. खरं सांगतो मॅडम, मी उघडली नाही. दोन वर्षं त्या माणसाला आंघोळ घातली मी. त्याचं काय चोरणार?"

टेबलावर त्याची वही उघडी होती. पानांवर फ्लायर्समधून कापलेली चित्रं चिकटवलेली होती आणि शेजारी मराठी शब्द.

"फ्रेंचची परीक्षा आहे," तो ओशाळून म्हणाला. "इथले फ्लायर बरे पडतात. चित्र पण असते, नाव पण. पूले म्हणजे कोंबडी. ओराँज तर समजतेच."

शीलाताई त्या चित्राकडे टक लावून पाहत राहिल्या. वहीतल्या कोंबडीखाली फ्रेंच शब्द होता. क्वेबेकमध्ये दारात पडणारा प्रत्येक कागद फ्रेंचमध्ये असतो.

पेटीतल्या एकाही कागदावर फ्रेंचचं अक्षर नव्हतं. सगळे इंग्रजीत होते.

३

डॅनियलचा मॉन्ट्रियलमध्ये आयरिश पब होता. दारावर सोनेरी अक्षरांत घराण्याचं नाव, आत भिंतीवर हिरवी पानं, आणि मार्चमधला आयरिश सण जवळ आल्यामुळे छताला हिरव्या झिरमिळ्या. पब उघडायच्या आधी, दुपारी बाराला, शीलाताई तिथे पोचल्या.

"आमची हिस्टरी साधी आहे," डॅनियल ग्लास पुसत म्हणाला. "आजोबा पॅट्रिक ओहारा, आयरिश खलाशी. व्हँकुव्हरला एका चिनी मुलीशी लग्न केलं आणि पुढे समुद्रात बुडाले. म्हणून आमचे चेहरे असे. ग्रेस आत्यानं शंभरदा सांगितलंय."

"आजोबांचा फोटो?"

"आगीत गेले म्हणे सगळे."

"डिसेंबरमध्ये आत्याला तूच घेऊन आलास?"

"हो, ओंटारिओतल्या लंडनहून. शुक्रवारी रात्री आलो, रविवारी सोडलं. डॅडला द्यायला तिनं सहा कप आणले होते. प्रत्येक कपाला कागदाचे एवढे थर! खोका उचलून माझी कंबर गेली."

"कसले कागद?"

"असेच. फ्लायर्स." बोलता बोलता तो थांबला. ग्लास तसाच हातात राहिला. "म्हणजे तुम्ही म्हणताय..."

"मी अजून काही म्हणत नाही. ते कागद नंतर टाकले कुणी?"

"मला काय माहीत? शनिवारी केक आणायला मी, क्लेअर, जयदीप, सगळे गेलो होतो. परत आलो तर कप मांडलेले आणि खोली चकाचक. आत्या तशीच आहे, टापटिपीची. डॅड झोपले होते." त्याचा आवाज चढला. "पण ती चौऱ्याण्णव वर्षांची आहे! ती कशाला चोरी करेल? ईश्वरचं मी पोलिसांना कळवलंय, ते बघतील."

"ते मागे घे, डॅनियल. आजच."

"बघू," तो म्हणाला.

घरी येऊन शीलाताईंनी रिकाम्या पेटीचा कोपरानकोपरा तपासला. झाकणाच्या आतून निळा कागद डकवलेला होता. एका कडेला तो सुटला होता आणि आत काहीतरी जाड लागत होतं. चिमट्याने त्यांनी ते बाहेर ओढलं.

शाळेचा दाखला निघाला. १९४५ साल, आठवी इयत्ता, गाव स्लोकन. टाइपरायटरने उमटवलेलं नाव: ग्रेस ओहारा. इंग्रजीतल्या ओ आणि एच यांच्या मधे वर, आयरिश नावात असतो तसा, छोटासा स्वल्पविराम.

शीलाताईंनी भिंग लावलं. टाइप केलेली अक्षरं एकमेकांपासून सारख्या अंतरावर होती. ओ आणि एच यांच्यातही तेवढंच अंतर. टाइपरायटरवर चिन्ह उमटवलं असतं तर त्याला एका अक्षराची जागा लागली असती. हे चिन्ह दोन अक्षरांच्या डोक्यावर कसंबसं बसवलेलं होतं. शाई चकाकत होती. बॉलपेन! एवढीशी रेघ, पण दाबून काढलेली. मागच्या बाजूला बोटाला लागत होती.

टाइप झालं त्या दिवशी ही रेघ तिथे नव्हती. ती कुणीतरी मागाहून घातली होती.

४

क्लेअर ऑफिसातून आली तेव्हा शीलाताई आपली पत्त्यांची वही घेऊन बसल्या होत्या.

"हे बघ. तीन वर्षांपूर्वी आले तेव्हा मी तुझ्या बाबांचं नाव मराठीत लिहून घेतलं होतं. ओहारा. आपल्या लिपीत ती रेघ काढायची सोयच नाही. आज हे नाव मी नव्याने वाचलं, आणि मला ते आयरिश वाटेना."

"मग काय वाटलं?"

"स्लोकन कुठे आहे ते मी शोधलं. ब्रिटिश कोलंबियातलं डोंगराळ खोरं. बेचाळीस साली जपानशी लढाई चालू होती, तेव्हा किनाऱ्यावरच्या सगळ्या जपानी वंशाच्या माणसांना घरांतून काढून अशा खोऱ्यांतल्या छावण्यांत ठेवलं होतं. इथे जन्मलेल्यांनासुद्धा. ओहारा हे जपानी आडनाव आहे, क्लेअर. मधली रेघ पुसली की झालं."

क्लेअर आधी हसली. मग तिने फ्रिजच्या दाराच्या चकचकीत पत्र्यात स्वतःचा चेहरा पाहिला आणि तिचं हसू गेलं.

"शाळेत मला चायनीज न्यू इयरला लाल पाकिटं वाटायला उभं करायचे," ती म्हणाली. "पंचेचाळीस वर्षं, आई! डॅडनी एक शब्द नाही काढला?"

"काढणार होते. पेटीत तेच होतं."

फ्रिजवर ग्रेस आत्याचं कार्ड लावलेलं होतं, त्या सहा कपांबरोबर आलेलं. वळणदार, जुन्या शाळेत घोटलेलं अक्षर. शीलाताईंची नजर सवयीने सहीवर गेली. ओ, मग एच, एचनंतर पेन उचललेलं, केसभर फट, आणि मग 'आरा' एका दमात. कुणाची काय लकब असते! त्यांनी ती नोंदली आणि तिथेच सोडून दिली.

"आत्याला माझ्या कामाचं माहीत आहे?" त्यांनी विचारलं.

"हो. मीच फोनवर सांगितलं होतं, नोव्हेंबरमध्ये. की माझ्या सासूबाई कुठलीही खोटी सही ओळखतात. ती बराच वेळ काही बोललीच नाही. मला वाटलं, लाइन कट झाली."

शीलाताईंनी वही मिटली.

आपण जपानी आहोत एवढंच लपवायचं असतं, तर दस्तऐवज तपासणाऱ्या बाईची धास्ती कशाला वाटावी?

५

शनिवारी दोघी लंडनला निघाल्या. हायवेच्या दोन्ही बाजूंना मळकट बर्फाचे ढीग होते. क्लेअर सात तास गाडी चालवत होती आणि वाटेत तिने एकदाही रेडिओ लावला नाही.

ग्रेस ओहारा वृद्धाश्रमाच्या तिसऱ्या मजल्यावर राहायची. लग्न केलेलं नव्हतं. इथल्याच एका दवाखान्यात तिने चाळीस वर्षं रुग्णांच्या नोंदी लिहिल्या होत्या. बुटकी, ताठ कण्याची बाई, ओठांना फिकी लिपस्टिक. दारात शीलाताईंना पाहून तिने क्लेअरला मिठीही मारली नाही.

"तुम्ही मिसेस टिपणीस," ती म्हणाली. "बसा. फ्लायर्सवरून ना? परत आल्यावर माझ्या लक्षात आलं. तिकडे फ्रेंच असतात, आमचे इंग्रजी."

विणकामाच्या पिशवीच्या तळातून तिने तपकिरी पाकीट काढलं आणि क्लेअरच्या मांडीवर ठेवलं. "घे. जाळायचं मनात होतं. झालं नाही माझ्याच्यानं."

पाकिटात तीन गोष्टी होत्या. एक फोटो: मासेमारीच्या होडीवर उभे असलेले एक गृहस्थ आणि एक हसरा पोरगा. मागे त्या पोराने पेन्सिलीने स्वतःचं नाव लिहिलेलं, केंजी ओहारा. दुसरं, सरकारी अभिलेखागारातून रे यांनी मागवलेली एका अर्जाची छायाप्रत. तिसरं, जपानमधल्या वाकायामा प्रांतातल्या एका देवळाच्या पुजाऱ्याचं पत्र, इंग्रजी भाषांतरासह.

"केंजी आमचा थोरला भाऊ," ग्रेस म्हणाली. पाठ करून ठेवल्यासारखी ती बोलत होती. "माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. रे धाकटा. होडी गेली, घर गेलं, आम्ही छावणीत आलो. पंचेचाळीसच्या वसंतात सरकारनं सोळा वर्षांवरच्या प्रत्येकाला विचारलं, कॅनडातच डोंगरापलीकडे पूर्वेला जाता की जपानला जाता? जपानला जातो म्हणून ज्यानं सही केली त्याला पुढे बोटीत घालून पाठवलं. केंजीनं सही केली. आम्हाला टाकून गेला. ज्या देशात त्यानं पाऊलही ठेवलं नव्हतं तिथे गेला. आईनं आयुष्यभर त्याच्या पत्राची वाट पाहिली. एकही आलं नाही. ती त्रेसष्ट साली गेली. लाज वाटायची आम्हाला, म्हणून सगळं गाडून टाकलं. झालं. हेच आहे सगळं."

"आणि आयरिश खलाशी?" क्लेअरने विचारलं.

"मॉन्ट्रियलला घर कुणी देईना. एका घरमालकिणीनं माझा दाखला वाचून विचारलं, आयरिश का? दुसऱ्या दिवशी मी पेन विकत घेतलं."

क्लेअर रडायला लागली. केंजीच्या फोटोवरून ती बोट फिरवत होती.

शीलाताईंनी अर्जाची प्रत उचलली. 'मला जपानला पाठवण्यात यावं, अशी माझी इच्छा आहे.' खाली सही. त्यांनी पर्समधून भिंग काढलं, सही पाहिली, मग फोटोच्या मागचं पेन्सिलीतलं नाव पाहिलं. पुन्हा सही.

त्यांनी मान वर केली. भाची समोर रडत असताना ग्रेसचं तिकडे लक्ष नव्हतं. ती एकटक शीलाताईंच्या भिंगाकडे पाहत होती.

६

"ही छायाप्रत आहे," शीलाताई सावकाश म्हणाल्या. "छायाप्रतीवरून मी कधीच कोर्टात मत दिलेलं नाही."

"कोर्ट कुठे आहे इथे?" ग्रेस म्हणाली. "सांगा."

"आई, काय झालं?" क्लेअरने डोळे पुसले.

शीलाताईंनी भिंग खाली ठेवलं. एकतीस वर्षांत त्यांनी खरं ते लिहून दिलं होतं आणि पुढचं न्यायाधीशांवर सोडलं होतं. इथे पुढचं सोडायला कुणी नव्हतं.

"सांगा हो," ग्रेस पुन्हा म्हणाली, आणि या वेळी तो आवाज म्हातारीचा नव्हता. "मला कुणाच्या तरी तोंडून ऐकायचंय. ऐंशी वर्षं झाली."

"फोटोमागे केंजीनं अख्खं आडनाव पेन्सिल न उचलता लिहिलंय," शीलाताई म्हणाल्या. "अर्जावरच्या सहीत एचनंतर पेन उचललंय. बारीक फट आहे. अशी फट आमच्या फ्रिजवरच्या कार्डावर आहे. ही सही केंजीची नाही, क्लेअर. ग्रेसनं केली आहे."



"मी चौदा वर्षांची होते," ग्रेस म्हणाली. "बाबा टीबीच्या दवाखान्यात होते, छावणीपासून जवळ. पूर्वेला जायचं म्हटलं तर ताबडतोब जावं लागणार होतं, बाबांना मागे ठेवून. जपान लिहिलं की लढाई संपेपर्यंत छावणीतच राहता येत होतं. आईनं म्हणूनच सही केली. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं. सगळ्यांनी सांगितलं होतं, नंतर रद्द करता येतं. केंजी डोंगरात लाकूडतोडीला गेला होता. तो सही करणार नाही म्हणून सांगून गेलेला. मी अर्ज घेऊन कचेरीत गेले. कारकून म्हणाला, थोरल्याचा अर्ज कुठे आहे? आज आला नाही तर सोमवारच्या गाडीनं अख्खं कुटुंब पूर्वेला. मी बाहेर येऊन पायरीवर बसले. आणि केली त्याची सही."

"आणि नंतर? तू सांगितलं नाहीस?"

"जुलैत बाबा गेले. आईनं आपला अर्ज मागे घेतला, ते पत्र मीच लिहिलं. तेव्हा कारकुनानं तिला सांगितलं, तुमच्या मुलानंही सही केलीय बरं का. आई घरी आली आणि दोन दिवस जेवली नाही. तिला वाटलं, पोरानं आपल्याला न विचारता जायचं ठरवलं. पुढच्या वर्षी बोटीच्या यादीत केंजीचं नाव लागलं. त्याला वाटलं, सही आईनं केली. थोरला म्हणून आजी-आजोबांकडे धाडतेय." ग्रेसने मांडीवरचे हात एकमेकांत गुंतवले. "त्यानं आईला विचारलं, तुला हेच हवंय का? आई म्हणाली, तुला हवं तेच मला हवं. एवढंच बोलले दोघं. मी शेगडीशी उभी होते. हातात पाण्याची बादली होती."

"तेव्हासुद्धा त्याला रद्द करता आलं असतं," शीलाताई म्हणाल्या.

"एका पत्रानं. इथे जन्मलेल्यांना शेवटपर्यंत मुभा होती. पण दुसऱ्याची सही केली तर तुरुंग, असं त्या कारकुनानंच भिंतीवर लावलेलं होतं. मला वाटलं, मला नेतील. मग वाटलं, बोट सुटायच्या आदल्या दिवशी सांगेन. मग बोट गेली. मग वाटलं, त्याचं पत्र आलं की सांगेन." ती क्लेअरकडे वळली. "तुझ्या डॅडला केंजीचा राग होता. गेल्या वर्षी त्यानं ही फाइल मागवली. मला म्हणाला, बघ, त्याची सही. मी पाहिली नाही. पाहिली असती तर माझ्या तोंडावरून त्याला कळलं असतं. त्याचा डोळा लागला तशी मी पेटी रिकामी केली. रे गेला तो भावाला शिव्या देतच गेला."

क्लेअर उठून खिडकीशी गेली. खाली पार्किंगमध्ये एक माणूस गाडीवरचा बर्फ खरवडत होता. 

पुजाऱ्याच्या पत्रात लिहिलं होतं की केंजी शेहेचाळीस साली बापाच्या अस्थी घेऊन गावात आला, चार वर्षांनी ओसाकाला गेला आणि २००९ साली वारला. त्याची मुलगी आहे. काही लिहायचं असेल तर पत्र तिला पोचतं करू.

"मिसेस टिपणीस," ग्रेस म्हणाली, "तुम्ही लिहून द्या. तुमच्या पद्धतीनं, सहीशिक्क्यानिशी. की ती सही त्याच्या आईची नव्हती. त्याच्या मुलीला तरी कळू दे."

७

शीलाताईंनी आयुष्यातला शेवटचा अहवाल एप्रिलमध्ये लिहिला. चार पानं, तीन नमुने, मोठ्या केलेल्या अक्षरांचे फोटो. ग्रेसने आपला कबुलीजबाब हाताने लिहून जोडला. क्लेअरने त्यावर एक पत्र लिहिलं, सात वेळा फाडलं, आठव्यांदा लिहिलेलं केंजीच्या मुलीच्या नावे बंद पाकिटात घातलं आणि पुजाऱ्यांना वेगळ्या चिठ्ठीत सगळं कळवून पाठवलं.

डॅनियलने तक्रार मागे घेतली, पण तोवर तीन आठवडे उलटले होते. एजन्सीने ईश्वरच्या जागी दुसरा माणूस घेतला होता. त्याच्यावर आता काहीच आरोप नाही, असं त्यांनी अगदी सौजन्याने कळवलं, आणि जागाही नाही. परमिट संपायला आलं होतं. शीलाताई त्याच्यासाठी दोन वकिलांकडे जाऊन आल्या. दोघांनीही मान हलवली. मे महिन्यात ईश्वर नागपूरला परत गेला. विमानतळावर डॅनियलही आला होता. त्याने हात पुढे केला. ईश्वरने तो हातात घेतला आणि म्हणाला, "तुमच्या बाबांना डाव्या कुशीवर झोप लागायची. दफन करताना सांगायचं राहून गेलं."

जूनमध्ये ओसाकाहून पाकीट आलं. आत क्लेअरने पाठवलेलं पाकीट होतं, न उघडलेलं. शिवाय एक टाइप केलेलं पत्र आणि पुजाऱ्यांनी केलेलं त्याचं भाषांतर.

"आत्याला नाही सांगितलं तर?" गाडीत क्लेअरने विचारलं. "अजून उत्तर नाही आलं, असं म्हटलं तर?"

"ती रोज विचारेल," शीलाताई म्हणाल्या. "आणि आपण रोज तेच सांगायचं. तिनं तेच केलं ऐंशी वर्षं."

ग्रेस आता अंथरुणालाच खिळली होती. लिपस्टिक मात्र लावलेली होती. पाकीट पाहताच ती उशीवर उठून बसायला धडपडली. क्लेअरने तिला आधार दिला.

"वाचा," ती शीलाताईंना म्हणाली. "मधलं काही गाळू नका."

शीलाताईंनी वाचलं. "आपण पाठवलेल्या कागदांचा आशय पुजारीबुवांनी मला तोंडी सांगितला. काहीतरी चूक होत असावी. माझे वडील वाकायामातच जन्मले, असं त्यांनी आम्हाला सांगितलं होतं. त्यांच्या जन्माच्या वेळीच त्यांची आई गेली. त्यांना भावंडं नव्हती. ते चांगले वडील होते. आम्हाला दुसरी काही हकीकत नको आहे. कृपया पुन्हा लिहू नये."



"जन्माच्या वेळीच?" ग्रेसने विचारलं.

"हो."

"केंजीच्या जन्माच्या वेळी."

"हो. असंच लिहिलंय."

तिचे ओठ हलले. ती मनाशी काहीतरी जुळवत होती. मग तिने अगदी साध्या आवाजात, घरातल्या एखाद्या जुन्या गोष्टीची आठवण करून द्यावी तसं म्हटलं, "केंजी आमच्यात थोरला होता."

"आत्या, प्लीज," क्लेअर म्हणाली.

"म्हणजे मी झालेच नाही," ग्रेस म्हणाली. "आणि रेही नाही."

तिने मान वळवून क्लेअरकडे पाहिलं. पुढचं ती बोलली नाही.